चार वॅट आणि एक उंबरा

पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून त्याच्या जागी शंभर वॅटचा लावला, तर आवाज कितीने वाढेल?

दुप्पट, असंच तुम्ही म्हणाल. निगारही तेच धरून चालली होती. अकरा वर्षांची पोर, पण हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. मिरजेच्या वस्तुवाचनालयातून (जिथून पुस्तकांऐवजी यंत्रं आणि हत्यारं घरी नेता येतात) तिने तो शंभर वॅटचा जड ठोकळा सायकलला बांधून आणला. घरच्या पन्नासवाल्याच्या तारा सोडवल्या, याला जोडल्या, एका तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं आणि उंबऱ्यावर बसून कान टवकारले.

आवाज जवळजवळ तेवढाच! अगदी बारकाईने ऐकलं तर उगीच आपला किंचित वाढल्यासारखा.

"फसवलं मेल्यांनी," निगार पुटपुटली. बटण अजून बरंच फिरायचं बाकी होतं. आत जाऊन तिने ते पुढे रेटलं.

आता हे घर तंबोरे बनवणाऱ्यांचं, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा कानशीने इतका बेताने घासायचा, की छेडलेली तार त्याला निसटती शिवत राहते आणि सुराला एक गोड झंकार येतो. ती जवारी. जवारी जमली की 'आवाज खुलला' असं या घरातली पोरंसोरंही म्हणतात. तर निगारने बटण रेटलं, आणि स्पीकरमधून झणझण यायला लागली. दुसरी कुणी मुलगी असती तर कानांवर हात ठेवून बटण मागे फिरवून मोकळी झाली असती. पण ही पडली तंबोऱ्याच्या घरातली. झणझण ऐकून तिची कळी खुलली.

"खुलला! आता खुलला आवाज!" म्हणत तिने बटण पार टोकाला नेलं.

पुढच्याच क्षणी उजव्या स्पीकरमधून जळका वास आला. आवाज चालू राहिला, पण त्यातला सगळा बारीक झंकार गेला होता. निगारने घाबरून मुद्रण थांबवलं.

कारण हा खेळ नव्हता. उद्या सकाळी तिच्या नानांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील, डॉक्टर दस्तगीर. तंबोरे करणाऱ्यांच्या घरात जन्मले आणि ध्वनिशास्त्रज्ञ झाले. मोठमोठ्या सभागृहांत आवाज कसा घुमेल हे आयुष्यभर इतरांना सांगत आले, आणि म्हातारपणी त्यांचेच कान गेले. आता त्यांच्या चष्म्याच्या काचेवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटे आणि ते वाचून उत्तर देत. पण तंबोरा वाजला की काचेवर फक्त 'तंतुवाद्य' एवढंच यायचं. ते वाचून नाना एकदा म्हणाले होते, "बिर्याणी मागितली आणि बिर्याणीचा फोटो हातात दिला!" सगळे हसले होते. नाना हसले नव्हते.

उद्याच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या दोन्ही कानांच्या आत, शंखासारख्या वेटोळ्यात, एकेक बारीक विद्युत-तार बसवणार होते. ती थेट मेंदूकडे संदेश पाठवेल आणि बोलणं पुन्हा ऐकू येईल. मात्र नाना आज जे थोडंफार ऐकू शकत होते, ती त्यांची स्वतःची उरलीसुरली श्रवणशक्ती कायमची जाणार होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. आणि नाना म्हणाले होते, "त्याआधी मला एक गोष्ट माझ्या कानांनी ऐकायची आहे."

ती गोष्ट म्हणजे नानीचं मुद्रण.

निगारची नानी, सकीना, या घरात जवारी लावायची. तंबोरे बनवणाऱ्यांच्या त्या गल्लीत हे काम करणारी ती एकटीच बाई. जवारी लावायला ती समोरच्या भिंतीपाशी बसली की कुणी उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम. पावलाचा आवाज नको, श्वासाचा नको. गिऱ्हाईक असो नाही तर नवरा, ऐकायचं ते चार मीटरवरून, उंबऱ्यावरून. नानीने शेवटच्या तंबोऱ्याची जवारी लावली, तेव्हा नानांनी तिच्या पुढ्यात मायक्रोफोन ठेवला आणि आपण उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. तारा छेडून झाल्यावर नानी हळूच काहीतरी बोलली. ओठ हलताना दिसले, पण शब्द ऐकू आले नाहीत. "काय म्हणालीस?" नानांनी विचारलं, तर ती हसायला लागली. "मुद्रण केलंय ना? त्यातच ऐका!"

ऐकू निवांत, असं म्हणून नानांनी ते ठेवून दिलं. त्याच वर्षी नानी गेली. मग ते लावायचा त्यांना धीर होईना. धीर आला तोवर कान गेले होते. घरात दुसऱ्या कुणालाही त्यांनी ते ऐकू दिलं नव्हतं. काय म्हणाली असेल ती, हे कोडं तेव्हापासून तसंच पडून होतं.

आणि आज निगारने स्पीकर जाळून ठेवला होता.

नाना काठी टेकत आले. आवाज कळला नसेल, पण वास कळला. मागोमाग टकटक्या आला. टकटक्या म्हणजे घरच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यातला गुडघ्याएवढा यंत्रमानव. भोपळ्यांवर टकटक करून ते कुठे जाड, कुठे पातळ हे सांगणं त्याचं काम, त्यामुळे त्याचा कान फार तयार.

"उजवा ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) निकामी," टकटक्याने जाहीर केलं. त्याला कधी गप्प बसावं हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

निगारला रडू फुटलं. "मला वाटलं खुलला आवाज. जवारीसारखं वाटलं, नाना. मी वाट लावली सगळ्याची!"

नानांनी काचेवरची अक्षरं वाचली. ते रागावले नाहीत. उंबऱ्याला लागून, बाहेरच्या अंगाला त्यांची खुर्ची असायची, तीत बसून त्यांनी तिला जवळ घेतलं. "अगं, ही चूक करायला आपल्याच घरात जन्माला यावं लागतं. रडणं थांबव आणि नीट बघ." त्यांनी हवेत बोटाने लाट काढली, वर, खाली, वर, खाली. "अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाजाचा क्षीण विद्युत-संदेश बळकट करणारं यंत्र. दर सेकंदाला तो जितकी ऊर्जा पुरवू शकतो, ती मोजायची वॅटमध्ये. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीला छप्पर असतं. तू बटण रेटत गेलीस, लाट उंच होत गेली आणि छपराला लागली. मग काय झालं असेल?"

"डोकं आपटलं?"

"डोकं कापलं गेलं. रंधा मारल्यासारखा लाटेचा माथा सपाट झाला. अशा कापलेल्या लाटेतून नवे कर्कश आवाज निघतात. जवारीत तार घोडीला हळूच शिवते, म्हणून तिच्यातून उमटणारे बारीक स्वर मूळ सुराच्या नात्यातलेच असतात. इथे निघाले त्यांतल्या कितीकांचं सुराशी नातं ना गोतं. आणि ते बहुतेक उंच आवाज असल्यामुळे सगळा भार पडला त्या बिचाऱ्या छोट्या स्पीकरवर. त्याची नाजूक तार तापली आणि जळाली."

"मग मी हजार वॅटचा आणते! मिरवणुकीला लावतात तसला. वाचनालय उघडं आहे अजून." निगार उठलीच.

"बस खाली. आधी सांग, शंभर वॅट लावल्यावर आवाज दुप्पट का झाला नाही?"

निगारने खांदे उडवले.

"समज, वीज गेली आहे. अंधाऱ्या खोलीत तू एक दिवा लावलास. केवढा फरक पडतो! त्याच खोलीत आधीच पन्नास दिवे जळत असले आणि तू एक्कावन्नावा लावलास, तर?"

"कळणारसुद्धा नाही."

"आपला कान तसाच आहे. पान पडल्याचा आवाज त्याला ऐकायचा असतो आणि ढगांचा गडगडाटही. त्या दोघांत ऊर्जेचा फरक कोट्यवधी पटींचा. म्हणून कान किती भर पडली हे मोजत नाही, किती पट झालं हे मोजतो. त्यासाठी माप आहे डेसिबल (आवाजाच्या पातळीची पायरी). वॅट दुप्पट केले की आवाज तीनच पायऱ्या चढतो. तेवढं आपल्याला जेमतेम जाणवतं. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्यासाठी वॅट करावे लागतात दहापट."

"दहापट!" निगार थबकली. "म्हणजे या शंभरच्या दुप्पट आवाज हवा तर हजार?"

"हजार. आणि आपल्या या स्पीकरांचा त्या हजारांत कोळसा होईल."

निगारचा चेहरा उतरला. नानांनी काठीने टकटक्याला खूण केली. "हिला एक वॅट ऐकव. उजव्याची तार काढ, नुसता डावा."

टकटक्या लगबगीने आत गेला. त्याच्या चाकांना नानीने मऊ कापड गुंडाळलेलं होतं, म्हणून ती असतानाही उंबऱ्याचा नियम त्याला एकट्यालाच माफ होता. त्याने बटण अगदी खाली आणलं, आणि तंबोरा वाजायला लागला, स्वच्छ, भरदार. निगारला हे कमी वाटेना.

"हा एक वॅट?"

"एक वॅट," टकटक्या म्हणाला. "स्पीकरपासून एका मीटरवर अठ्ठ्याऐंशी डेसिबल."

"लोक घरात गाणी ऐकतात ती बहुतेक वेळ एका वॅटच्या आतबाहेरच असतात," नाना म्हणाले. "बाकीचे वॅट कशाला ठेवायचे? अचानक येणाऱ्या मोठ्या ठोक्यासाठी. तबल्यावरची थाप, तारेवरचा आघात. तेवढ्या क्षणापुरती लाट उंच उसळते, तेव्हा छप्पर तिच्याहून वर हवं. किती वॅट हवेत हा प्रश्न एकट्या अ‍ॅम्प्लिफायरला विचारून भागत नाही, बाळ. ऐकायचं काय, एका वॅटमध्ये स्पीकर किती आवाज देतो, ऐकणारा बसलाय कुठे, आणि..." ते थांबले. "आणि त्याचे कान कसे आहेत."

निगारने त्यांचा हात धरला. "तुमच्या कानांना किती लागेल?"

"माणूस हळू बोललेलं कळायला ऐंशी डेसिबल तरी. आणि तारांचा आघात त्या बोलण्यापेक्षा वीस पायऱ्या वर असणार. मायक्रोफोन तारांच्या पुढ्यात होता, मीच ठेवला होता."

"म्हणजे आघात शंभरावर." निगारने आता डोळे पुसले होते. "टकटक्या, नाना बसलेत तिथे एका वॅटला किती भरतात?"

टकटक्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. "शहात्तर."

"शहात्तरपासून शंभर, चोवीस पायऱ्या. पहिल्या दहासाठी दहापट, पुढच्या दहासाठी आणखी दहापट, झाले शंभर वॅट. उरल्या चार..."

"चार पायऱ्यांना अडीचपट," नानांनी सांगितलं. "अडीचशे वॅट लागतील. तुझ्या ठोकळ्याची धाव शंभरापर्यंत. स्पीकर एकच उरलाय, आणि त्याला अडीचशे सोसणारही नाहीत." त्यांचा आवाज खाली आला. "राहू दे, निगार. काय म्हणाली ते काचेवर वाचेन मी."

"कानाला लावायचे ते स्पीकर घालून ऐका ना मग!"

"ती या खोलीत बोलली होती. कानात डबे कोंबून नाही ऐकायचं मला ते."

समोर नानीची बैठक तशीच होती, तिची कानस, जवारीसाठी तारेखाली सरकवायच्या सुती धाग्याचा तिचा गुंडा. दोन्ही बाजूंना दोन स्पीकर, एक धड आणि एक जळका. निगारला वाटलं, आपण नुसती घाई केली. नानांनी सगळ्या जगाला आवाज ऐकवला आणि त्यांना हवा असलेला एवढासा आवाज आपल्याला ऐकवता येऊ नये? आणि तेव्हाच टकटक्याचे आकडे तिच्या डोक्यात पुन्हा वाजले.

"नाना, स्पीकरपासून एका मीटरवर अठ्ठ्याऐंशी होते. तुमच्यापाशी शहात्तर. मधले बारा कुठे गेले?"

"पसरले. आवाज दिव्याच्या उजेडासारखा चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की सहा पायऱ्या उतरतो. खोलीत भिंती थोडा परत पाठवतात, पण ढोबळ हिशोब हाच. एकाचे दोन मीटर, सहा गेले. दोनाचे चार, आणखी सहा."

"मग तेच उलटं केलं तर? चाराचे दोन, दोनाचा एक, एकाचा अर्धा. तीन वेळा सहा, अठरा पायऱ्या फुकट!" निगार उभी राहिली होती. "शहात्तर आणि अठरा, चौऱ्याण्णव. शंभराला उरल्या फक्त सहा. तीन पायऱ्यांना दुप्पट, सहांना चौपट. चार वॅट! नाना, अडीचशे नकोत, चारच पुरतात. फक्त खुर्ची पुढे घ्यायची!"

नानांनी काचेवर वाचलं. त्यांची नजर उंबऱ्यावर गेली.

"आत नाही जायचं," ते म्हणाले.

ज्या माणसाने जन्मभर सभागृहं मोजली, त्याला हा हिशोब येत नव्हता असं समजू नका. तो त्यांच्या रोजच्या कामातला होता. पण संसाराच्या इतक्या वर्षांत नानी बैठकीवर असताना त्यांनी तो उंबरा कधी ओलांडला नव्हता, आणि ती गेल्यावर तर पायच उचलला नव्हता. ऐकायची जागा म्हटलं की त्यांच्या मनात उंबराच यायचा. अशा वेळी शास्त्रज्ञाचाही इलाज चालत नाही.

"नानी आता जवारी लावत नाहीये, नाना," निगार हळूच म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण जास्तच बोललो.

नानांनी काठी उचलली, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. निगारने खुर्ची नेली, डाव्या स्पीकरसमोर अगदी जवळ ठेवली. नाना बसले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे काचेवर अक्षरं आली तरी दिसणार नाहीत.

"तू मागे जा, उंबऱ्यावर. तुझे कान चांगले आहेत, इतक्या जवळ त्यांना इजा होईल," ते म्हणाले.

"अर्धा मीटर. चार वॅट," टकटक्याने सांगितलं आणि नानीचं मुद्रण सुरू केलं.

तंबोरा वाजला. आघातांवर लाट उसळत होती, पण कुठे फाटत नव्हती. छप्पर खूप वर होतं. नानांनी डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर तारांच्या क्रमाने हलायला लागली, एक, दोन, तीन, चार. निगार श्वास रोखून बघत होती. तारा छेडणं थांबलं, झंकार विरत गेला. आणि त्या शांततेत नानीचा आवाज आला, मऊ, थोडा थट्टेचा. चार मीटरवर निगारलाही तो ऐकू आला, साध्या बोलण्याइतका.

"झाली एकदाची जवारी. अहो डॉक्टरसाहेब, दारात काय उभे? आज या की जवळ."

नाना हलले नाहीत. निगारला वाटलं, ऐकू गेलं नाही की काय! मग तिला त्यांचे खांदे थरथरताना दिसले. त्यांनी हात पुढे करून स्पीकरच्या लाकडावर ठेवला.

"आलो गं," ते म्हणाले. "उशीर झाला, पण आलो."

निगार उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडली. टकटक्यासुद्धा त्या वेळी काही बोलला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी, कानातली यंत्रं पहिल्यांदा चालू केली. त्या दुपारी नाना कारखान्यात नानीच्या बैठकीशेजारी बसले होते. चष्मा खिशात होता. शाळेतून आलेली निगार उंबऱ्याबाहेरच थांबली. इतक्या लांबून बोललेलं कळेल का, तिला धाकधूक होती.

"नाना, ऐकू येतंय?"

नानांनी मान वाकडी करून ऐकलं. "पत्र्याच्या डब्यात बसून बोलतेस असं वाटतंय. पण शब्द न् शब्द आला."

"आणि तंबोरा?"

"तो अजून बेसूर कण्हतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला ही नवी भाषा शिकावी लागेल, रोज थोडं थोडं. शिकेन की! आणि या यंत्रांत तंबोऱ्याचा झंकार अजून नीट उतरत नाही, ते काम कुणीतरी पुढे करायला हवं." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्यासारखं कुणीतरी."

निगार लाजली. ती तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली. नानांनी शेजारची जागा हाताने झटकली.

"मग दारात काय उभी? ये की जवळ."